आवाज गोड, मग भाजी सुरेल का नाही?

गोड गळा, जड आवाज, फिका रंग, खरखरीत बोलणं. जिभेचे आणि त्वचेचे शब्द आपण कानाला, डोळ्याला बिनदिक्कत लावतो आणि ऐकणाऱ्याचं काही अडत नाही. पण ‘सुरेल भाजी’ म्हटलं की समोरचा हसतो. असं का?

—

कारण ही उसनवारी बहुतेक एकाच दिशेने चालते. भाषाशास्त्रज्ञ स्टीफन उलमन यांनी एकोणिसाव्या शतकातल्या कवींच्या ओळी तपासून हे दाखवलं: स्पर्श आणि चव देणाऱ्या, ऐकणं आणि पाहणं घेणारे. जोसेफ विल्यम्स यांना 1976 मध्ये इंग्रजी विशेषणांच्या इतिहासातही साधारण तोच कल दिसला. पुढे येशायाहू शेन यांनी वाचकांवर प्रयोग केले. ‘गोड शांतता’सारखी जोडणी लोकांना सहज उमगते, ‘शांत गोडी’पाशी ते अडखळतात.

आपला ‘तिखट’ घ्या. मूळ संस्कृत ‘तीक्ष्ण’, म्हणजे धारदार. धार त्वचेला कळते. तिथून शब्द मिरचीवर आला आणि मग ‘तिखट कानाचा’ माणूसही झाला. संगीतात तर कोमल रिषभ म्हणताना कुणाला स्पर्श आठवतही नाही.

—

नियम पटतो, पण ‘झणझणीत’चं काय करायचं? झणझण हा मुळात नाद. तो हातापायाला आलेल्या झिणझिण्यांना लागला, मग मिसळीच्या रश्शाला. म्हणजे कानाकडून जिभेकडे, उलटा प्रवास. मला वाटतं, मराठीतले अनुकरणवाचक, म्हणजे आवाजाची नक्कल करणारे, शब्द या नियमाला फारसे जुमानत नाहीत. इतर भाषांवरून काढलेला नियम आपल्याकडे लावताना हे शब्द आधी तपासायला हवेत. (चांदण्या चमचमतात आणि भेळही चमचमीत. त्यांचं नातं काय, हा वेगळा धागा होईल.)

—

ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय काढा. ‘अमृतातेंही पैजा जिंके’ सगळ्यांना पाठ असतं, त्याच्या पुढच्या ओव्या कुणी म्हणत नाही. तिथे ‘श्रवणींचि होति जिभा’, म्हणजे कानांनाच जिभा फुटतात, असं आहे. शब्द खरा कानाचा, पण जीभ म्हणते हा रस आमचा, नाकाला त्यात सुवास येतो, डोळे म्हणतात रूपाची खाण उघडली. इंद्रियांचं चक्क भांडण लागतं. त्याला तिथला शब्द ‘कळंभा’.

—

आणि त्या भांडणातही आपला माल उसना देणारी पहिली जीभच! पण त्याच ओव्यांत ‘नादींचे रंग’ही आहेत. तिथे देणारा डोळा आणि घेणारा कान, तेव्हा एरवी घेणारा डोळाही इथे देणारा झालेला दिसतो.