गोन्सालो गार्सियाच्या वसईत आठची मिस्सा इंग्रजीत?

केळीच्या बनातून
गेल्या रविवारी मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या सामुदायिक उपासनेत, पहिलं वाचन करायला एक मुलगा उभा राहिला. बायबलमधला यशयाचा उतारा, झरझर वाचला, कुठे अडखळला नाही. मिस्सेनंतर कळलं, अख्खं मराठी वाचन त्याने मोबाइलवर रोमन लिपीत उतरवून घेतलं होतं. आणि आता आमच्या धर्मग्रामात, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीत, घाटतंय की मुलांना मराठी जड जाते, तेव्हा आठची मिस्सा इंग्रजीत करू.

माझा साफ विरोध. माझी आई लॅटिन मिस्सेत रोझरीचे मणी ओढत बसायची. फादर लोकांकडे पाठ करून काय पुटपुटतात, तिच्या गावीही नसायचं. ४ डिसेंबर १९६३ ला कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेचा दस्तऐवज मंजूर केला, तेव्हा कुठे लोकभाषा वेदीपर्यंत पोहोचली. पुढे मराठीत प्रार्थना आल्या, गीतं आली, फा. दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ आलं. आणि फादर स्टीफन्स? जन्माने इंग्रज, त्याचं ख्रिस्तकथेचं मराठी काव्य ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापलं गेलं, तेही ओव्यांत. इंग्रजाने मराठीत लिहायचं आणि वसईकराने इंग्रजीत प्रार्थना करायची, वा!

दोन मुलांची आई
काका, आजींना लॅटिन कळत नव्हतं म्हणून भाषा बदलली, बरोबर? मग माझ्या मुलीला मराठी प्रवचन कळत नाही, तिला वेगळा न्याय का? कॉन्व्हेंटच्या फॉर्मसाठी पहाटेपासून रांगेत आपणच उभे होतो ना? बारा वर्षं इंग्रजीत शिकवायचं आणि रविवारी तासभर मराठीची सक्ती करायची. ती मिस्सेत बसते, पण मागच्या बाकावर, दाराजवळ.

आणि गोन्सालो गार्सिया आठवा. वसईत जन्मला, जपानी शिकला, त्या भाषेच्या जोरावर फ्रान्सिस्कन मिशनऱ्यांचा दुभाष्या झाला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत पंचवीस जणांसोबत क्रुसावर गेला. १८६२ साली त्याला संतपद मिळालं. समोरच्याची भाषा शिकणारा संत आहे तो.

केळीच्या बनातून
गोन्सालो जपान्यांशी बोलायला जपानी शिकला. आपली मुलं जपानी आहेत का? घरातल्या नातवंडाशी बोलायला दुभाष्या लागत असेल तर बिघाड मिस्सेत नाही, घरात आहे.

जुना वेदीसेवक
मुद्दा भाषेवर टिकवा, घरांवर नको. त्याच दस्तऐवजात लॅटिन जपावं असंही लिहिलंय, हे कोणीच सांगत नाही. लहानपणी पाठ केलेली लॅटिन उत्तरं मला आजही येतात. अर्थ विचारू नका.

वाडीवरची
दोन्ही बाजूंनी मराठी म्हणजे ‘घरची भाषा’ असं धरून चाललंय, याची मला गंमत वाटते. आमच्या घरात सामवेदी, वसईतली बोली. माझ्या सासूबाई लाल लुगडं नेसून मिस्सेला जातात, वाटेत सामवेदीत भांडतात, आणि पापनिवेदनाला गुडघे टेकले की प्रमाण मराठी सुरू. पापंसुद्धा भाषांतर करून सांगतात! त्या मराठीसाठी त्यांनी आयुष्यभर कष्ट घेतले, ती आईच्या दुधाबरोबर आलेली नाही. तेव्हा ‘नवी भाषा जमणार नाही’ हे मुलांचं कारण मला पटत नाही. आणि काका, मराठीवरचा तुमचा एवढा हक्कही पटत नाही. सामवेदी गीत आपण लग्नात म्हणतो, वेदीपाशी किती वेळा म्हणतो?

नव्या बिल्डिंगमधला
मी मंगळूरचा, बायको केरळची, राहतो वसई रोडला. आमच्या मजल्यावरच्या कॅथलिकांत इंग्रजी सोडली तर समान भाषा नाही. आम्हाला इंग्रजी मिस्सा हवीच, पण संध्याकाळची द्या ना. आठची घेतलीत तर गावातल्या म्हाताऱ्यांनी कुठे जायचं? भर दुपारच्या उन्हात?

दोन मुलांची आई
संध्याकाळी क्लासेस असतात हो. मुलं येतात ती आठलाच.

वाडीवरची
म्हणजे ट्युशनचं वेळापत्रक बदलत नाही, म्हणून मिस्सेची भाषा बदलायची?

दोन मुलांची आई
हो, बोचलं. पण तुम्हीच सांगा, दहावीच्या मुलीला कोणता क्लास बुडवू देऊ? मी तिला दर रविवारी सुवार्ता घरी इंग्रजीत वाचून दाखवते, मग मिस्सेला नेते. तेवढंच माझ्या हातात आहे.

केळीच्या बनातून
घरी वाचून नेता, हे मला माहीत नव्हतं. दाराजवळच्या बाकाचं वाचून मी जरा रागातच लिहिलं. मत मात्र तेच. पुढच्या रविवारी आठच्या मिस्सेची उपासना आमच्या वाडीकडे आहे, दुसरं वाचन नातीला दिलंय. काल तिला त्या वाचनातलं ‘थेस्सलनीकाकरांस’ चार वेळा म्हणायला लावलं. पाचव्या वेळी ती म्हणाली, “आजोबा, इंग्रजीत वाचू का?” मी म्हटलं वाच. तिथेही अडकली.