मदत हवी आहे: ‘किता किता’ मराठीत कसं म्हणू?

आईसाठी २०१७च्या ‘किता किता’ या फिलिपिनो सिनेमाची मराठी सबटायटल्स करतेय. जपानमधल्या सप्पोरोत दोन एकटे फिलिपिनो: दृष्टी गेलेली लेआ आणि शेजारचा टोन्यो. बाकी सगळं उरकलं, नावावरच गाडी अडलीय.

तागालोग या फिलिपिनो भाषेत पहिला ‘किता’ म्हणजे दिसणं, दुसऱ्यात ‘मी’ आणि ‘तुला’ एकाच शब्दात. लिंग कुठेच नाही. मराठीत ‘दिसतेस’ लिहिलं की तो बोलतोय, ‘दिसतोस’ म्हटलं की ती. अर्धी गंमत तिथेच फुटते! ‘तुला पाहिलं’ करून बघितलं, काळ बदलतो. इंग्रजी नाव नको, आईला इंग्रजी वाचता येत नाही.

वर्तमानकाळात, कोण कोणाला म्हणतंय हे कळू न देता, दोन-तीन शब्दांत काय लिहाल?