बडोदा : पुरात भिजलेली बाईक, बॅटरी नवी तरी सेल्फ टकटकतो

दांडियाबाजारकर
दीडशे सीसी, कार्ब्युरेटरवाली गाडी. विश्वामित्री नदीचं पाणी टाकीच्या खालपर्यंत चढलं होतं. ऑइल, प्लग, बॅटरी सगळं बदललं. तरी दोन दिवसांत सेल्फ नुसता टकटक करतो. किकनं लगेच सुरू होते. मेकॅनिक कॉइल प्लेट (इंजिनातली वीज तयार करणारी प्लेट) बदला म्हणतो. मल्टिमीटर आहे, आधी काय बघू?

तारजोड
प्लेट सगळ्यात शेवटी. मीटर डीसी 20 वर ठेवून बॅटरीच्या टोकांना लावा. रात्रभर उभ्या गाडीत 12.6 च्या आसपास हवेत. मग गाडी सुरू करून चार-पाच हजार आरपीएमपर्यंत रेस द्या. 13.8 ते 14.5 आले तर चार्जिंग ठीक. 15 च्या वर गेले तर रेक्टिफायर (प्लेटची एसी वीज बॅटरीसाठी डीसी करून व्होल्टेज आवरणारा भाग) गेला. तशी गाडी फिरवू नका, बॅटरी उकळते.

रेस देऊनही आकडा हलला नाही, तर रेक्टिफायरचा कपलर (वायरी जोडणारा प्लास्टिकचा जोड) उघडा. भिजलेल्या गाडीत बहुतेक वेळा गोम इथेच असते. पिन हिरवी पडली की करंटला अडथळा होतो, पिन तापते, प्लास्टिक तपकिरी होऊन वितळतं. नुसती हिरवी असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर आणि ब्रश पुरे. काळी पडलेली पिन घासून उपयोग नाही, नवं टर्मिनल क्रिम्प करा, म्हणजे वायरवर दाबून पक्कं बसवा. वायर पिळून टेप गुंडाळणं म्हणजे पुढच्या पावसाला आमंत्रण.

आता प्लेट. तीन पिवळ्या वायरी असतील तर कपलर सोडून, मीटर एसी 200 वर ठेवून दोन-दोन वायरी तपासा. तिन्ही जोड्यांत व्होल्ट सारखे हवेत आणि रेसबरोबर चढायला हवेत. इंजिन बंद करून वायर आणि इंजिन बॉडी यांत कंटिन्युइटी बघा (आतून जोड असेल तर मीटर बीप करतो). बीप वाजला किंवा एखादी जोडी मागे पडली, तरच प्लेट.

अर्थिंगवाले काका
अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हची इंजिनाशी जोडणी, विसरू नका. मीटर डीसीवर ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूला लावून सेल्फ दाबा. 0.3 व्होल्टच्या वर दिसले तर अर्थचा बोल्ट खोलून खालचा गंज खरवडा.
आणि बॅटरी दुकानात ॲसिड भरून तशीच बसवली का? ती आधी चार्ज करावी लागते, 9 एएच (अँपिअर-अवर) क्षमतेला साधारण 0.9 अँपिअरने.

दांडियाबाजारकर
रेसला 12.4 च. कपलरमधली एका पिवळ्या वायरीची पिन काळी, भोवतीचं प्लास्टिक वितळलंय. एसी तिन्ही जोड्यांत सारखा, बीप नाही.

तारजोड
मग प्लेट शाबूत आहे. कपलर दोन्ही बाजूंनी नवा घ्या, वायर काळी पडली असेल तिथपर्यंत कापा. बॅटरी चार्जरवर पूर्ण भरून मगच रेसचा आकडा पुन्हा घ्या. तेव्हाही 13 पार झाले नाहीत, तर रेक्टिफायर.