स्टेडियममधला खांब 'गायब' करता येईल का? (ऑप्टिकल कॅमोफ्लाज)

सदाशिवपेठी_सतीश
मंडळी, प्रश्न येडचाप वाटेल पण सिरियसली विचारतोय. मध्ये एका मैदानावर (नाव नको, उगाच वाद) लोकल टी-ट्वेंटी बघायला गेलो तर सीट नेमकी खांबामागे. बॉलर रनअपला निघाला की दिसायचा, मग खांबात शिरायचा आणि आपण मान वाकडी करून बघेपर्यंत इकडे पब्लिक 'आऊट आऊट' ओरडतंय. तर तो जपानी रेनकोटवाला व्हिडिओ आहे ना, माणसाच्या आरपार मागचा रस्ता दिसतो, ते कापड खांबाला का नाही गुंडाळत? मैदानाच्या बाजूला कॅमेरा, आमच्या बाजूला चित्र, झालं काम. 'घरी टीव्हीवर बघ' म्हणणाऱ्यांनी पुढच्या धाग्यावर जावं.

कोथरूडचा_फोटूवाला
तो रेनकोट टोकियो विद्यापीठातल्या सुसुमु ताची यांच्या लॅबचा, २००३ च्या सुमारास जगभर गाजलेला. कोट पारदर्शक वगैरे काही नाही हो. त्यावर काचेचे एकदम बारीक मणी असतात, रात्री हेडलाइट पडला की हायवेच्या पाट्या चमकतात ना तोच प्रकार, उजेड जिकडून आला तिकडेच परत जातो. मागे कॅमेरा, पुढून प्रोजेक्टर आणि मध्ये एक अर्धपारदर्शक आरसा. तुम्ही बघितलेल्या व्हिडिओत शूट करणारा कॅमेरा बरोबर त्या आरशामागे ठेवलाय. जरा बाजूला सरका, नुसता करडा कोट दिसेल. आणि खांबामागे बसलेल्या प्रत्येकाला मैदानाची वेगळी पट्टी झाकली जाते. तुमच्यासाठी जुळवलेलं चित्र तुमच्या शेजारच्याला चुकीचंच दिसणार.

बावधन_बिट्स
थांबा थांबा, उजेड आला तिकडेच परत जातो हा तर उलट फायदाय! प्रत्येकाच्या चष्म्यावर छोटा प्रोजेक्टर लावला तर माझं चित्र माझ्याच डोळ्याला येणार, शेजारच्याच्यात मिसळणार नाही. खांब एकच, चित्रं शंभर. शिवाय स्टेडियममध्ये सीट फिक्स असते, त्यामुळे कुठून काय झाकलंय हे आधीच मोजून ठेवता येतं, पाच-सहा कॅमेऱ्यांवरून सॉफ्टवेअर प्रत्येक सीटचं चित्र बनवेल. केओ विद्यापीठाने २०१२ मध्ये प्रियस गाडीची मागची सीट अशीच 'पारदर्शक' करून दाखवली होती, रिव्हर्स घेताना मागचं दिसावं म्हणून.

कोथरूडचा_फोटूवाला
@बावधन_बिट्स थिअरी पटली, पण गाडी रिव्हर्सला सावकाश जाते, बॉल नाही. १४० च्या स्पीडचा बॉल सेकंदाला ३९ मीटर जातो. कॅमेरा, सॉफ्टवेअर, प्रोजेक्टर मिळून सेकंदाचा दहावा भाग जरी उशीर झाला तरी चित्रातला बॉल खऱ्या बॉलच्या चार मीटर मागे. म्हणजे खरा बॉल खांबाच्या पलीकडून बाहेर पडलेला आणि खांबावरचा अजून निघतोयच. त्यापेक्षा खांब परवडला. त्यात एप्रिलची दुपारची मॅच असेल तर चष्म्यावरच्या चिमुकल्या प्रोजेक्टरचं त्या उन्हापुढे काय चालणार?

वीट_सिमेंट_रेती
आर्किटेक्ट आहे म्हणून नाक खुपसते. खांब गायब करायची युक्ती बांधकामवाल्यांकडे कधीचीच आहे, कॅन्टिलिव्हर छत. खांब सगळे प्रेक्षकांच्या पाठीमागे आणि छत पुढे अधांतरी. खर्च वाढतो, स्टील जास्त लागतं, म्हणून कंजुषी होते. पण माझ्या मते खांबापेक्षा पुढच्याचं डोकं जास्त छळतं. आमच्याकडे त्याला सी-व्हॅल्यू म्हणतात, म्हणजे तुमची नजर पुढच्याच्या डोळ्यांच्या किती वरून जाते. १२० मिलिमीटर मिळाले तर मस्त, ९० चालतात, ६० म्हणजे टोपीवाला पुढे आला की संपलं. वाढवायचे तर पायऱ्या उंच कराव्या लागतात आणि मग स्टँड इतका तीव्र होतो की ज्येष्ठांना उतरायची भीती वाटते. आणि पुढचा मोबाइल वर करून उभाच राहिला तर सी-व्हॅल्यू गेली खड्ड्यात, त्याच्यावर जपानी कोट घातला तरी त्याला चष्म्यातून बघणार कोण!
हो, आणि पुढे जाळी असेल तर ती पांढरी नको, काळी घ्या. काळी उजेड परत फेकत नाही, नजर पलीकडे लागली की थोड्या वेळात विसरायला होते. चार पैशांचं कॅमोफ्लाज.

सदाशिवपेठी_सतीश
वा, जाळीचं भारी आहे. मग साइटस्क्रीनचं, म्हणजे बॉलरच्या मागच्या त्या मोठ्या पडद्याचं काय? तिच्यामागच्या सीटा तर कायमच्या वाया. पीएमपीच्या बसच्या काचांवर जाहिरातींचे भोकंवाले स्टिकर असतात, बाहेरून चित्र आणि आतून रस्ता दिसतो, तसलं काही?

वीट_सिमेंट_रेती
@सदाशिवपेठी_सतीश विचार बरोबर दिशेने आहे. पुढून पांढरं, मागून काळं आणि मध्ये भोकं. पण हे चालतं ते बाहेर लख्ख उजेड आणि आत अंधार असतो म्हणून. स्क्रीनमागे ऊन पडलं की भोकांतून मागची हालचाल बॅट्समनला दिसायला लागणार आणि तो हात वर करून मॅच थांबवणार. स्क्रीन मुळात त्याच्यासाठी असते हो, आपल्यासाठी नाही. मागे सावलीचा बंदिस्त स्टँड असेल तर मात्र करून बघण्यासारखं आहे. तेवढीही भोकं पाडली की पांढरा रंग जरा मळकट दिसतो, पण लाल बॉलला कदाचित चालून जाईल.

हडपसर_एक्स्प्रेस
एवढं सगळं करण्यापेक्षा बोस्टनच्या फेनवे पार्कसारखं करा. १९१२ चं बेसबॉलचं मैदान, खांब अजून तिथेच, पण त्यामागच्या सीटा 'दिसायला अडथळा' असं सांगूनच विकतात. आपल्याकडे खांबामागचा आणि मोकळ्यातला, रेट सेम. बाकी गहुंजेच्या पुढच्या मॅचला हडपसर साइडने कोण येतंय? गाडीत दोन सीट आहेत, टोल वाटून घेऊ.