पाटीवरचं 'ऑफिसिनॅलिस' म्हणजे काय?

वाईचा माळी: नर्सरीतल्या झाडांच्या शास्त्रीय नावांच्या पाट्या नव्याने रंगवून घेतोय. आलं झिंजिबर ऑफिसिनेल, चमेली जॅस्मिनम ऑफिसिनेल, कॅलेंड्युला मात्र ऑफिसिनॅलिस. आणि ऊस तर सॅकॅरम ऑफिसिनॅरम! रंगारी म्हणतो, एकच काय ते ठरवा. ऑफिसशी संबंध आहे का याचा?

वनौषधीवाल्या बाई: रंगाऱ्याला आवरा आधी, सगळी बरोबर आहेत. फार्मसी कॉलेजात दरवर्षी पोरं यावर अडायचीच. लॅटिन विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे बदलतं, आपल्या चांगला-चांगलीसारखं. झिंजिबर नपुंसकलिंगी, म्हणून ऑफिसिनेल. कॅलेंड्युला स्त्रीलिंगी, म्हणून ऑफिसिनॅलिस, पुल्लिंगीही तसंच. उसाचं ऑफिसिनॅरम हे विशेषणच नव्हे, ती 'ऑफिसिना' या नामाची षष्ठी, तीही अनेकवचनी.

ऑफिसिना म्हणजे मुळात कारागिराची कार्यशाळा. ओपस म्हणजे काम, फाकेरे म्हणजे करणं, त्यावरून ओपिफिकिना, आणि ते झिजून ऑफिसिना. (संस्कृतात 'अपस्' म्हणजे काम, ते आणि ओपस एकाच मुळाचे.) पुढे युरोपातल्या मठांमध्ये औषधं नि जडीबुटी ठेवायच्या कोठीला हा शब्द लागला, मग औषधविक्याच्या दुकानाला. फ्रेंचमध्ये औषधाच्या दुकानाला आजही 'ऑफिसीन' म्हणतात. तुमचं ऑफिस चुलत घराण्यातलं, 'ऑफिकियुम'कडून आलेलं.

नदीकाठचा: म्हणजे नावात ऑफिसिनॅलिस असलं की झाड औषधी, असं गिऱ्हाइकाला बेधडक सांगायचं?

वनौषधीवाल्या बाई: मुळीच नाही. 'औषधवाल्याच्या दुकानात मिळायचं' एवढंच त्यातून कळतं, गुण येतो की नाही ते नाही. आणि दुकान युरोपातलं! साखर तिथे एके काळी औषधवाल्याकडेच मिळायची, म्हणून झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं १७५३ मध्ये उसाला ते नाव दिलं. उलट आपली हळद कर्क्युमा लाँगा, तुळस ऑसिमम टेन्युइफ्लोरम, अडुळसा जस्टिशिया अधाटोडा. एकालाही ते बिरुद नाही, म्हणून काढा करायचं थांबलोय का आपण? आणि हे फक्त झाडांचंच नाही हो. युरोपातल्या समुद्रातल्या एका माकुळासारख्या प्राण्याचं नाव सेपिया ऑफिसिनॅलिस. आयुर्वेदातलं समुद्रफेन अशाच प्राण्यांच्या पाठीतलं.

आल्याचं एक सांगते. लिनियसनं त्याला अमोमम झिंजिबर म्हटलं होतं. ऑफिसिनेल हे रॉस्को या वनस्पतिशास्त्रज्ञानं १८०७ मध्ये लावलं. पाटीला जागा असेल तर शेवटी नाव देणारा म्हणून रॉस्को लिहा, पोरं विचारतील तरी.

वाईचा माळी: जागा करतो. आवळ्याचं काय? च्यवनप्राशच्या डब्यावर एम्ब्लिका ऑफिसिनॅलिस वाचलंय.

वनौषधीवाल्या बाई: ते गार्टनर या वनस्पतिशास्त्रज्ञानं दिलेलं, नंतरचं. तुम्ही लिनियसचं फायलँथस एम्ब्लिका घाला. आणि रंगाऱ्याला सांगा, पहिल्या शब्दाचं पहिलं अक्षर मोठं, दुसऱ्याचं लहान. सगळ्या पाट्यांवर हेच चुकतं.