घड्याळ नव्हे, स्वभाव

कथेत ताण कसा आणायचा हे सांगताना सिनेदिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकचं टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण नेहमी दिलं जातं: वाचकाला बॉम्ब माहीत, पात्रांना नाही, म्हणून ताण टिकतो. मान्य. पण 'माहिती आधी फोडली की काम झालं' हा त्यावरून काढला जाणारा निष्कर्ष मला पटत नाही. हिचकॉकच्याच १९३६ च्या 'सॅबोटाज' या सिनेमात एक शाळकरी पोरगा नकळत बॉम्ब घेऊन लंडनमधून निघतो. तो पावणेदोनला फुटणार, हे आपल्याला ठाऊक असतं. पण पोराला उशीर होतो तो पोरपणामुळे. टूथपेस्टवाल्याच्या तावडीत सापडतो, मिरवणूक बघत रेंगाळतो, बसमध्ये शेजारच्या कुत्र्याच्या पिल्लाशी खेळतो. आपला जीव टांगणीला लागतो तो यामुळे. (शेवटी बॉम्ब फुटतो, पोरगा मरतो. प्रेक्षक चिडले, आणि ही आपली चूक होती असं हिचकॉकनं पुढे फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला मुलाखतीत सांगितलं.)

माझ्या एका कथेत नायिका दाराची कडी लावायला विसरत होती, कारण मला चोर आत आणायचा होता. मैत्रिणीनं वाचून विचारलं, "ही बाई गॅस तीनतीनदा तपासते, मग कडी कशी विसरेल?" मग मी नायिकेला कडीवर हात ठेवलेला असतानाच गॅस बघायला परत स्वयंपाकघरात पाठवलं. दार तेवढ्यात उघडं राहिलं.