निर्वासितांचा विषय ठाण्याला परका नाही

ठाण्यात सीरियावरचे माहितीपट दाखवायचा तुमचा विचार आहे, पण "ते बघायला कोण येणार?" असं तुम्ही विचारलंय. मला वाटतं, येतील. फाळणीनंतर सिंधमधून आलेली सुमारे एक लाख माणसं आपल्याच जिल्ह्यात, कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींमध्ये राहिली. १९४९ मध्ये तिचं उल्हासनगर झालं, पण लोक अजूनही 'कॅम्प नंबर चार' असाच पत्ता सांगतात. लोकलने जेमतेम अर्धा-पाऊण तास.

म्हणून सीरियातल्या अलेप्पो शहरावरचा 'फॉर समा' (२०१९) हा माहितीपट लावलात, तर नंतरच्या गप्पांना उल्हासनगरच्या एखाद्या आजींना नक्की बोलवा. दिग्दर्शिका वाद अल-कतीब यांनी वेढा पडलेल्या शहरात, तान्ह्या मुलीला जवळ ठेवून ते चित्रण केलंय. घर सोडायचं की नाही, हा त्यातला प्रश्न त्या आजींना समजावून सांगावा लागणार नाही.

आणि कळकळीची विनंती, मराठी उपशीर्षकं द्याच. माझी आई मागे अशाच एका खेळातून अर्ध्यावर उठली. इंग्रजी ओळ वाचून होईपर्यंत दृश्य पुढे गेलेलं असायचं. भाषांतराला माणसं कमी पडत असतील तर मी बसते, शनिवार-रविवार मोकळी असते.